माल : बाई एक

तानुबाईनं रोख पगार नको म्हटलं, तेव्हाच सुभद्रेनं सावध व्हायला हवं होतं. पण पुण्याच्या मुलींच्या शाळेत चार यत्ता शिकून आलेल्या बाईचा सावधपणा जरा वेगळा असतो. सुभद्रा विंचवाला भ्यायची, ओल्या भिंतीला भ्यायची, शेजारच्या माणिकबाईंच्या मांजराला भ्यायची. दिवसातून सात वेळा पाळण्याच्या दोऱ्या ओढून बघायची. कराराला मात्र ती भ्याली नाही, कारण करार तिच्याच अक्षरातला होता.

अडचण साधी होती. वच्छला तीन महिन्यांची झाली होती आणि अंग धरत नव्हती. बाळंतपणानंतर सुभद्रेला जो ताप आला, तो जाताना अंगावरचं दूध सोबत घेऊन गेला. उरले ते चार थेंब रात्रीपुरते. गाईचं दूध पोरीला सोसेना. निरसं दिलं तर उलटी, पाणी घालून दिलं तर जुलाब. वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली ती रामरावांची, कारण बायकांच्या दुखण्याचं मूळ घरधन्याच्या नाडीत लवकर सापडतं असा त्यांचा अनुभव होता. मग ‘अंगावर पाजणारी बाई बघा’ असं सांगून सव्वा रुपया घेऊन ते गेले.

बाई बघा म्हणायला काय जातं? महिना कार्तिकाचा. समुद्रापलीकडे अमेरिकेत कसलीशी भाऊबंदकीची लढाई पेटली होती, आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला असा भाव चढला होता की अमरावतीच्या बायका देवापुढच्या वातीसुद्धा आखूड वळू लागल्या होत्या. जिला दोन हात होते ती प्रत्येक बाई शेतात वेचणीला गेलेली. वेचणीला रोजगार पैशात मिळत नाही. दिवसभराचा वेचलेला कापूस संध्याकाळी मोजायचा आणि त्यातला सोळावा वाटा वेचणारीच्या पदरात टाकायचा, ही तिथली रीत. त्या सोळाव्या वाट्याला त्या वर्षी एवढं मोल आलं होतं की कचेरीतल्या नकलनवीसांच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे जरा विचारात पडून बघत.

रामराव नकलनवीसच होते. पगार तीस रुपये. अकोल्याहून त्यांची अमरावतीला बदली झाली, ती बढती म्हणून. फक्त पगार वाढवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शेवटी तानुबाई सापडली ती माणिकबाईंमुळे. माणिकबाईंचे यजमान कापसाचे दलाल. त्यांच्या गाड्या भातकुलीच्या वाटेवरच्या खेड्यांतून यायच्या, आणि अशाच एका खेड्यात, शहरापासून दोन कोसांवर, तानुबाई राहायची. तिची शालू सात महिन्यांची. अंगानं भरलेली, उन्हानं रापलेली बाई, बोलणं मोजकं. ती आली ती उंबऱ्याबाहेर बसली आणि सुभद्रा पगार सांगत होती तेवढा वेळ पाळण्यातल्या पोरीकडे बघत राहिली.

महिना चार रुपये, वर्षाला दोन लुगडी, दुपारी तूप घालून जेवण. सुभद्रेनं हे आकडे दोन दिवस घोळवले होते. कुणाच्या गरजेचा फायदा घ्यायचा नाही, वाजवी ते द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आणि वाजवी वागायचं ठरवलेल्या माणसाला समोरच्यानं भारावून जावं अशी थोडी आशा असतेच.

तानुबाई भारावली नाही. “रोकड नोको, बाई,” ती म्हणाली. “रोकड घरी गेली का सासऱ्याच्या कमरेले. वेचनीचा वाटा बाईचा असते. त्याले कोनी हात नाई लावत. मले कापूस द्या.”

“पण इथं वेचणी कुठं आहे? मोजायचं काय?”

तानुबाईनं हनुवटीनं पाळणा दाखवला. “थे मोजा.”

तिचा हिशेब सरळ होता. पोरीच्या अंगावर पावशेर चढलं की तिच्या पदरात पाच शेर कापूस. नाही चढलं तर काही नाही. दर सोमवारी मोजायचं.

सुभद्रेला आधी ते कसंसंच वाटलं. पोटची पोर काट्यावर घालायची म्हणजे काय. पण रात्रभर विचार केल्यावर तिला वाटलं, याहून चोख व्यवहार नाही. पोरगी वाढली तरच पैसे जाणार. आणि पोरगी वाढत असेल तर पैसे गेल्याचं दुःख कुणाला होईल? रामरावांना तर कल्पना इतकी आवडली की त्यांनी सरकारी शिक्क्याचा, इष्टांपाचा कागदच आणला. अकरा वर्षं कचेरीत घालवलेल्या माणसाला, काम आणि दाम यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, ही गोष्ट नवलाची वाटणारच.

करारात चार कलमं झाली. पहिल्यात मोजमाप, दुसऱ्यात जेवण. तिसरं खास सुभद्रेचं: बाईच्या येण्याजाण्याची सोय मालकानं करावी, बैलगाडीत बसायला जागा द्यावी. दोन कोस उन्हातून चालत आलेल्या बाईचं दूध तापतं, असं तिला कुणीसं सांगितलं होतं. म्हणजे ते कलम अर्धं न्यायाचं होतं आणि अर्धं भीतीचं. पण कागदावर दोन्ही एकाच शाईनं उमटतात.

चौथं कलम समोरच्या पार्बताबाईंनी सुचवलं. पार्बताबाईंनी नऊ बाळंतपणं केली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. बाईनं स्वतःचं मूल सोबत आणू नये, आणलं तर दूध वाटलं जातं, असं त्यांचं म्हणणं. सुभद्रेनं ते लिहिलं.

तानुबाईला कागद वाचून दाखवला तेव्हा तिनं या एकाच कलमावर मान वर केली. “मंग शालूले दिवसभर कोन?” तिनं विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, “सासू हाय मा. पेज पाजीन.” मग तिनं अंगठा उठवला. सुभद्रेला ते वाक्य ऐकू आलं होतं. पण त्याच वेळी वच्छला रडली, म्हणून ती उठली.

आता उरली गाडी.

ज्या दिवसांत गावोगावच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसत होत्या, त्या दिवसांत गाडीत बाईमाणसाला फुकट जागा मागणं म्हणजे नत्थुजी गाडीवानाच्या तोंडावर त्याला वेडा म्हणण्यासारखं होतं. तो रोज पहाटे तानुबाईच्या गावाहून कापूस भरून अमरावतीच्या बाजारात यायचा. त्यानं रामरावांना समजावून सांगितलं की बाई बसली का तेवढा कापूस उतरवावा लागते, आन् तेवढ्या कापसाचं भाडं कोन देईन? त्याच्या अंदाजानं बाई दीड मणाची. रामरावांच्या अंदाजानं सव्वा. दोघांनी भर रस्त्यात एका परक्या बाईच्या वजनावरून अर्धा तास वाद घातला आणि शेवटी तिला वेशीवरच्या मोठ्या काट्यावर बसवायचं ठरलं.

तिथंच नाक्यावरच्या कारकुनानं यात उडी घेतली. काही व्यापारी कापसावर माणसं बसवून खालची गाठोडी चोरून आत नेत, म्हणून वेशीवर नवीन हुकूम निघाला होता: गाडीवर जे असेल त्याचं वजन करावं आणि चिठ्ठी फाडावी; रोज येणाऱ्या मालाची आठवड्यातून एकदा, सोमवारी. छापील चिठ्ठीत रकाने चारच. गाव, माल, वजन, धनी. कारकून म्हणाला, कोरा रकाना ठेवायची मला परवानगी नाही.

रामरावांनी वरती अर्ज केला की माणसांसाठी वेगळा रकाना असावा. बारा दिवसांनी उत्तर आलं. त्यात विचारलं होतं की सदरहू माल सरकीसकट आहे की सरकी काढलेला, याचा खुलासा व्हावा.

उत्तर यायच्या आधीच, दर सोमवारी फाटणाऱ्या त्या चिठ्ठीवर पहिल्या सोमवारी जे लिहिलं गेलं ते असं होतं: माल, बाई एक. वजन, एक मण बारा शेर. धनी, रामराव.

ती चिठ्ठी नाक्यावरून बाजारात आणि बाजारातून कचेरीत तिच्या स्वतःच्या पायांनी पोचली असावी. कारण दुपारपर्यंत कचेरीतला प्रत्येक जण रामरावांना ‘माल पोचला का?’ असं विचारत होता. ते आठ दिवस मागच्या बोळातून घरी आले. चौथ्या दिवशी तिथं त्यांना एक गाय ढुशी देऊन गेली, पण ते पुढच्या रस्त्यानं जायला तयार झाले नाहीत.

घरात मात्र त्या सोमवारपासून सण सुरू झाला. चंद्रभान मापारी बाजारातलं काम उरकून लहान काटा खांद्यावर टाकून यायचा. मोबदला, दोन पैसे आणि सुपारी. माजघरातल्या तुळईला काटा टांगायचा, एका पारड्यात दुपट्यासकट वच्छला, दुसऱ्यात वजनं. दारात आळीतल्या बायका. चंद्रभान धंद्याचा माणूस. काटा सरळ झाल्याशिवाय तो तोंडातली सुपारीसुद्धा चावायचा नाही. पहिल्या सोमवारी वच्छला चार शेर भरली. दुसऱ्या सोमवारी सव्वाचार.

सुभद्रा त्या रात्री बाळंतपणानंतर पहिल्यांदा सलग तीन तास झोपली.

तानुबाईचा कापूस माणिकबाईंच्या यजमानांकडून विकत घेऊन सुभद्रेच्या माळ्यावर पोत्यात साठू लागला. घरी नेला तर मिठामिरचीपायी थोडा थोडा सरायचा, म्हणून तिनंच तसं सांगितलं. तिला गाय घ्यायची होती. दुभती, शालूच्या नावानं. हे ती एकदाच बोलली, वच्छलेला पदराखाली घेऊन, भिंतीकडे बघत. आणि बोलताना तिचा आवाज इतका मऊ झाला की सुभद्रेला वाटलं ती पोरीशीच बोलते आहे.

मार्गशीर्ष सरला, पौष लागला. भाव चढतच होता, त्यामुळे पाच शेर कापूस घ्यायला रामरावांना दर सोमवारी मागच्या सोमवारापेक्षा जास्त पैसे मोजावे लागत. पगाराचा तिसरा हिस्सा माळ्यावर चढू लागला. चार रुपयांत मिटलं असतं, असं ते जेवताना भाताकडे बघून म्हणत. पण वच्छलेच्या मनगटाला वळी पडू लागली होती आणि ती त्यांच्या मिशा धरून ओढायची. मिशा ओढल्या जात असताना हिशेब काढणं अवघड असतं.

माघात माळ्यावरच्या कापसात एक गाय झाली. तानुबाई म्हणाली, इकून टाका.

माणिकबाईंनी कपाळाला हात लावला. “आता इकतं का वं, येडे? शिमग्यालोक थांब. आमच्या घरी सांगून राहिले, भाव आनखीन दीडपट जाते.”

एवढ्यावर सुभद्रेनं विश्वास ठेवला नाही, कारण ती सावध होती. तिनं मुंबईचं पंधरा दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र मिळवून वाचलं. मग पाटी घेतली आणि त्रैराशिक मांडलं. मागच्या दोन महिन्यांत इतका चढला, तर येत्या दीड महिन्यात किती? उत्तर तिनं तानुबाईला दाखवलं. शिमग्यापर्यंत थांबलीस तर दीड गाय येईल.

तानुबाई पाटीकडे बघत राहिली. “अर्धी गाय कोनती येईन, बाई? दुधाकडची का शिंगाकडची?”

बायका हसल्या, सुभद्राही हसली. तानुबाई हसली नाही; पण अक्षरं येणाऱ्या बाईनं मांडलेलं होतं, म्हणून ती थांबली.

सुभद्रेला कागद जपायची सवय होती. नाक्यावरच्या चिठ्ठ्या ती तारेत ओवून खिडकीशी टांगून ठेवायची. त्या आठवड्यात नवी चिठ्ठी ओवताना तिचं लक्ष मागच्या चिठ्ठ्यांवर गेलं. एक मण बारा शेर. एक मण अकरा. पुन्हा अकरा. मग काही सोमवारांनी साडेनऊ. आठ. सात. पाच.

तिनं तारेवरचे आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचले. नाक्यावरच्या कारकुनानं जगातला सगळ्यात मूर्ख नियम काढला होता आणि त्या नियमानं तिच्या घरात चाललेली गोष्ट तिच्या आधी लिहून ठेवली होती. माजघरात तानुबाई वच्छलेला पाजत बसली होती. तिच्या लुगड्याला पूर्वीपेक्षा एक वेढा जास्त होता.

सुभद्रेनं लगेच उपाय केला. तानुबाईच्या पानात एक भाकरी वाढवली, डिंकाचे लाडू केले. तानुबाई भाकरी अर्धी खायची आणि अर्धी पदराला बांधायची. लाडू तर तिनं खाल्लेला सुभद्रेला कधी दिसलाच नाही. पार्बताबाई म्हणाल्या, समोर बसवून खाऊ घाल. सुभद्रा समोर बसली. तानुबाईनं घास घेतला, चावला, आणि पदराकडे हात नेताना सुभद्रेच्या डोळ्यांत बघितलं. सुभद्रा पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली.

एक प्रश्न होता, आणि तो विचारायला दीड वाक्य लागलं असतं. शालूचं वजन किती आहे? पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. शालूची चिठ्ठी फाटत नव्हती, कारण ती गाडीवर नव्हती. आणि ती गाडीवर नव्हती, कारण चौथं कलम. पुढचे पाच सोमवार सुभद्रेनं चिठ्ठ्या तारेत ओवल्या त्या पालथ्या. वच्छला साडेसात शेरांवर गेली. आळीत सगळ्या म्हणत, पोर कशी दृष्ट लागण्यासारखी आहे. सुभद्रा मीठमोहऱ्या ओवाळायची, आणि ओवाळताना तिला नेमकी कुणाच्या दृष्टीची भीती वाटते हे तिला ठाऊक असायचं.

फाल्गुनात, शिमग्याला आठ दिवस असताना, अकोल्याहून बातमी आली. लढाई संपत आली म्हणे, नाहीतर संपलीच. मुंबईत कापूस कुणी विचारीना. दोन दिवसांत बाजार बसला. माणिकबाईंच्या घराचं दार मिटलं ते मिटलंच, आणि त्यांच्या चुलीचा धूर तीन दिवस दिसला नाही. सुभद्रेनं माळ्यावर चढून पोत्यांना हात लावून बघितला. कापूस तितकाच होता, तितकाच मऊ. माघात त्यात एक आख्खी गाय होती. आता दावं आलं असतं, गळ्यातली घंटा आली असती, आणि फार तर एक शिंग.

सोमवारी चंद्रभान आला तो नुसता काटा घेऊन. वजनं व्यापाऱ्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, व्यापारी बेपत्ता. काटा तेवढा त्याचा स्वतःचा होता. मोजता येणार नाही हे त्याला माहीत होतं. पण सोमवारी या घरी सुपारी मिळते, एवढी एक गोष्ट तरी जगात जागच्या जागी आहे का ते बघायला तो आला असावा. सवयीनं त्यानं काटा टांगला, सवयीनं सुभद्रेनं वच्छलेला पारड्यात ठेवलं. मग दोघंही दुसऱ्या रिकाम्या पारड्याकडे बघत राहिले.

तानुबाई त्या दिवशी चालत आली. गाड्या बंद होत्या, म्हणून चिठ्ठीही नव्हती. तिच्या कडेवर एक पोर होतं. समोरून पार्बताबाईंनी बघितलं आणि ओट्यावरूनच कराराची आठवण करून दिली. तानुबाईनं तिकडे मान वळवली नाही. ती पहिल्यांदाच न विचारता उंबऱ्याच्या आत आली आणि काट्याकडे बघून उभी राहिली.

“वजनं नाईत, बाई,” चंद्रभान म्हणाला. “आता पुढच्या सोमवारी.”

तानुबाईनं कडेवरची शालू उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवली. “चार महिन्यानं मोठी हाय हे,” ती म्हणाली. “पाहा.”

वच्छलेचं पारडं खाली आलं आणि शालूचं वर गेलं. सावकाश गेलं, तुळईच्या जवळपर्यंत. शालूनं साखळी धरली आणि ती वरून सगळ्यांकडे बघू लागली. तिचे डोळे मोठे होते. चेहऱ्यावर बाकी काही उरलंच नव्हतं म्हणून तसे दिसत असतील.

 चंद्रभानाला काटा वाकडा बघवेना. तो बिचारा माळ्यावरचं पोतं खाली ओढून काय करत होता हे बहुधा त्यालाही कळत नव्हतं. त्यानं मूठभर कापूस काढून शालूच्या पारड्यात टाकला. मग दुसरी मूठ. मग ओंजळ. कापसाला वजन ते काय. ओंजळीमागून ओंजळ पडत होती आणि पारडं बोटभर खाली येत होतं. शालू मानेपर्यंत कापसात बुडाली तेव्हा कुठं काटा सरळ झाला. तिनं एक बोळा उचलला, तोंडात घातला आणि चोखायला लागली.

तानुबाईनं तिच्या तोंडातून तो बोट घालून काढला आणि तिला उचललं. “उद्यापासून येत नाई मी, बाई.”

यानंतर सुभद्रा जे जे बोलली ते तिला पुढे कधी आठवावंसं वाटलं नाही. शालूला रोज आण, चौथं कलम खोडते, असं ती म्हणाली. दुप्पट पगार देते म्हणाली. तानुबाई म्हणाली, पगार सासऱ्याच्या कमरेले. सुभद्रेनं हातातले सोन्याचे गोठ काढून पुढे केले. तानुबाई म्हणाली, घरचे म्हनतीन चोरून आनले. कापसाचं मीच चुकीचं सांगितलं, असं सुभद्रा म्हणाली, तेव्हा तानुबाईनं शालूच्या केसांतला कापूस झटकला.

एवढ्यात रामराव कचेरीतून आले. त्यांनी पेटीतून इष्टांपाचा कागद काढला आणि काम सोडायचं झाल्यास एक महिना आधी कळवावं असं चार कलमांखाली आपण स्वतः बारीक अक्षरात लिहिल्याचं दाखवलं. अकरा वर्षांत कुणी त्यांना एवढ्या शांतपणे उत्तर दिलं नसेल.

“थो कागद हाय ना,” तानुबाई म्हणाली, “त्याले म्हना पाज.”

आणि ती शालूला घेऊन दोन कोसांच्या वाटेला लागली. कापूस तिनं नेला नाही.

वच्छला पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी तिला गाईचं दूध दिलं, ते तिनं जसंच्या तसं परत केलं. तिसऱ्या दिवशी ती कमी रडली, आणि तेव्हा सुभद्रा उठली. माणिकबाईंच्या मिटलेल्या दारावर तिनं एवढा वेळ थाप मारली की ते उघडावंच लागलं. दलालांना सोनं हवं होतं आणि त्यांच्या गोठ्यात वसुलीत आलेली एक गाय होती. हातातले सोन्याचे गोठ इतके स्वस्तात गेले की पुण्याला सासरी कळलं असतं तर सासूबाईंनी अंथरूण धरलं असतं. गाय गाभण होती. विणार वैशाखात. तोवर तिला शेपटीनं माशा हाकण्यापलीकडे काही येत नव्हतं.

नत्थुजीच्या गाडीला आता रिकामं राहण्याखेरीज काम नव्हतं, तरी त्यानं भाडं वजनावरच मागितलं. धंद्याची रीत मोडायला तो तयार नव्हता. गाडीमागे गाय बांधली. गाडीत कचेरीतल्या नकलनवीसाची बायको, मांडीवर पोर, उघड्या उन्हात, आळीतली झाडून सगळी दारं उघडी. वेशीवर कारकुनानं हात वर केला. चार दिवसांत त्याच्या नाक्यावरून एक गाठोडं गेलं नव्हतं. त्यानं आनंदानं दौत पुढे ओढली आणि सुभद्रेला मोठ्या काट्यावर बसायला सांगितलं.

सुभद्रा बसली. जिथं तानुबाई सोळा सोमवार बसली होती तिथंच, सगळ्या रिकाम्या गाडीवानांच्या देखत. माल, बाई एक, पोर एक. वजन, एक मण नऊ शेर.

“धनी?” कारकुनानं विचारलं.

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि घेतलं असतं तर रामरावांना पुन्हा मागच्या बोळातून जावं लागलं असतं. सुभद्रेनं वच्छलेचं दुपटं सारखं केलं. कोरा रकाना ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून कारकुनानं नियमाप्रमाणे जे लिहायचं ते लिहिलं: बेवारस. सुभद्रेनं ती चिठ्ठी घडी घालून कमरेला खोचली.

तानुबाई अंगणात सरकी निवडत होती. तिनं गाय बघितली, तिच्या कासेला हात लावून बघितला, “वैशाखात” एवढंच म्हणाली आणि तिला खुंट्याला बांधली. सासरा घरातून बघत होता. गाईला कमरेला खोचता येत नाही.

मग तिनं आपली कलमं सांगितली. कागदावर नाही. मी येनार नाई, तुमी या. रोज. शालू आधी पेईन. उरलं थे तुमच्या पोरीचं. गाय विली का मंग पाहू.

“आणि नाही उरलं तर?” सुभद्रेनं विचारलं.

 तानुबाईनं शालूला पदराखाली घेतलं.

सुभद्रा उंबऱ्याबाहेर बसली. वच्छलेला वास ओळखता येत होता. ती त्या दिशेला मान वळवून वळवून रडत होती आणि सुभद्रेच्या हातातून निसटू बघत होती. शालू पीत होती. मध्येच थांबायची, गाईकडे बघायची, हसायची, आणि पुन्हा लागायची. एकेक घोट सुभद्रेला ऐकू येत होता. ती मोजत नव्हती असं नाही. तिनं बराच वेळ धीर धरला. मग हलक्या आवाजात विचारलं, झालं का तिचं?

तानुबाईनं शालूच्या कपाळावरची माशी हाकली.

“घाई कायची हाय, बाई,” ती म्हणाली. “गाडी सांजच्याले जाते.”